रया गेल्याच्या नोंदी

आषाढ व. २, सोमवार
शेजारचे नारो मास्तर सकाळी येऊन एक शब्द देऊन गेले. शाळेसाठी शब्दांची वही करताहेत. म्हणाले, "आप्पा, पेन्शनीत बसून आहात, बाजारात कान ठेवा नि 'रया' कशी कशी वापरतात ते टिपून द्या." काम माझे, वहीवर नाव त्यांचे. ओळखून आहे.
तरी टिपले. रया : तेज, टवटवी, शोभा. जाते तेव्हाच तिचे नाव निघते, असे मास्तरांचे म्हणणे.
माळीण : "दुपार कलली की जाईची रया जातीया."
कापडवाला : "एका धुण्यात रया गेली तर लुगडं परत आणा."
न्हावी, माझी हनुवटी धरून : "आप्पासाब, काय हे! पार रया गेली की तुमची."
शेवटचे मास्तरांना द्यायचे नाही.

आषाढ व. ५, गुरुवार
न्हावी उगाच बोलणारा नव्हे. आरशात पाहिले. कातडी राखेसारखी. तोंडाला आठ दिवस लोखंड चाखल्यासारखी चव, जेवणानंतर पोटात ढवळते.
कढी प्यायल्यावरच ढवळते.
माझी कढी माझ्या पितळी पातेल्यात होते, वडिलांच्या वेळचे आहे. ती दुसरे कोणी खात नाही. विधवा थोरली बहीण, आक्का, एकभुक्त. आपल्या दगडी भांड्यात शिजवून घेते. सून गोदी कढीला शिवत नाही. मुलगा यशवंता नोकरीला गगनबावड्याच्या नाक्यावर, घाटात पाऊस, पत्राला चार दिवस. म्हणजे घरात दोन बायका नि मी, आणि कढी फक्त माझ्यासाठी. करणारी गोदी.
लिहून ठेवतो, एवढेच.

आषाढ व. ६, शुक्रवार
गोदी दारामागून : "मामंजी, पातेल्याची कल्हई गेलीया. हुसेनचाचास्नी बोलवू का?" या पंधरवड्यात चौथ्यांदा.
हुसेनला मीच फाल्गुनात दारातून हाकलला. वीस वर्षे आमची भांडी करणारा, पण या खेपेला पहिल्याच भांड्याची कल्हई काळपट दिसली. कथलात शिसे मिसळतो. तो शपथा घेत होता. शपथा घेणारा माणूस मला आवडत नाही. माझे पातेले कल्हईवाचून तसेच आत नेले.
हिला त्या माणसाला घरात आणायची एवढी घाई का?
नको म्हणून सांगितले.

आषाढ व. ९, सोमवार
महाराजांची स्वारी रंकाळ्याकडून आली. मुजऱ्याला वाकलो नि घेरी आली. लोकांनी धरले. शरमेने मेलो. तीस वर्षे दरबारची चाकरी केली, असा कधी वाकलो नव्हतो.
गर्दीत एक म्हातारी : "कवा घोड्यावर दिसायचा ह्यो मानूस! रयाच गेली की." हेही टिपले. मास्तर खूष होतील.
दुपारी कामाचे निमित्त काढून माजघराच्या फटीशी उभा राहिलो. गोदीने कमरेची पुडी सोडली, चिमूट कढीत टाकली. विचारले. "हिंग हाय की, मामंजी." पुडी मागून घेतली, हुंगली. हिंगच. आज तरी.
आक्काला हळूच सांगितले. ती फिसकन हसली. "आप्पा, कढी कळकली असंल रे. भांडं बघ आदी."
आक्काही तिच्या बाजूने. दोघी दुपारी एकमेकींच्या उवा काढतात, त्याचा हा परिणाम.

आषाढ व. १२, गुरुवार
उलटी दोनदा. काही केल्या अन्न राहत नाही.
विचार करतो. गोदीच्या लग्नाला तीन वर्षे, मूल नाही. मी मागे एकदा बोललो होतो, यशवंताचे दुसरे करावे लागेल. ती चुलीपाशी होती, ऐकले असणार. ऐकलेच.

श्रावण शु. ३, बुधवार
लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.
पंचमीसाठी गोदीचा भाऊ दत्तू कुरुंदवाडाहून तिला न्यायला आला. मी ताटावर बसलेला. तिने कढी वाढली. मी वाटी तिच्यापुढे सरकवली. "आधी तू पी."
दत्तू म्हणाला, "ह्ये काय, पावणं?" आक्का म्हणाली, "आप्पा, शुद्धीवर ये."
गोदीने एकदा माझ्याकडे पाहिले. वाटी उचलली, पापणी न लववता सगळी प्यायली, खाली ठेवली. नंतर पातेलेच ओढून घेतले, उरलेलीही प्यायली. कोणी सांगितले नव्हते.
अर्ध्या घटकेत परसात ओकत होती.
मी म्हणालो, "बघा." सर्वांसमक्ष म्हणालो. झाला ना पुरावा!
दत्तूने गाठोडे उचलले. ती माझ्या पाया पडून गेली.

श्रावण शु. ४, गुरुवार
यशवंताला पत्र टाकले. सर्व हकिगत. बायको माहेरीच राहू दे, पुढचे मी बघतो.

श्रावण पौर्णिमा, सोमवार
अकरा दिवस आक्काच्या हातचे, तिच्या दगडीतले. पोट शांत. भूक लागते. न्हावी म्हणाला, "आता बरं दिसतंय."
यापरता आणखी पुरावा कोणता? ती गेली, दुखणे गेले. नारो मास्तरांना सांगितले. त्यांनी शब्द झाले का एवढेच विचारले. पोटातले पाणी हलत नाही या माणसाचे.
आक्का ताट ठेवते नि निघून जाते.

श्रावण व. ४, शुक्रवार
दगडीतली कढी मला सपक लागते. आक्काला म्हणालो, आता भीती नाही, माझ्या पातेल्यात कर. तिने पातेले उचलले. म्हणाली, "करते. आज तुझ्या म्हनन्यापरमानंच करते."
दोन वाट्या प्यायलो. तासाभरात परसात.
तीच चव. तेच लोखंड.
आणि काय लिहू? पहिला विचार आला, आक्का. सख्खी बहीण, आई गेल्यावर जिने मला भरवले ती. दोघींचे संगनमत. भिंतीला टेकून हा विचार पुरा केला, लाज नाही.
मग आक्का पातेले घेऊन आली. उन्हाचा कवडसा होता तिथे तिरपे धरले. "जलमात कवा आत बघितलंस? आता बघ."
आत चांदीसारखे काही नव्हते. उघडे पिवळे पितळ, कडेने हिरवट थर, बोट लावले तर बोटाला लागला. ताकाचे आंबट त्यात रोज उकळत होते. शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकते.
आक्का म्हणाली, "म्या सांगितलं. तिनं तर चारदा सांगितलं. तुला इखच पायजे हुतं."

श्रावण व. ६, रविवार
हुसेनच्या घरी गेलो. जायला फार जड गेले. तो उठला, खाट झटकून दिली. बोलला मात्र रोखठोक : "मालक, शिसं घातलं असतं तर वीस वर्सं कडी पिऊन तुमी हितं उभं ऱ्हायला असता व्हय?"
मी पातेले पुढे केले.
त्याने भट्टी पेटवली, नवसागर टाकला, धूर झाला, कथलाची कांडी फिरवली, कापसाने पुसले. आतून आरसा. "ह्ये बगा, आली रया."
मी म्हणालो, मास्तर म्हणतात, रया जाते. आली असे कोणी म्हणत नाही.
"त्येनी कवा भट्टीवर बसून बगितलंय? आमी रोज आनतो की."
टिपले. गोदीला हे सगळे कळवायला हवे. यशवंतालाही आज पत्र लिहितो.

श्रावण व. १०, गुरुवार
यशवंताचे पत्र आले. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर, पावसाने रखडलेले. दुसरे अजून घाटात असेल.
"ती. आप्पांस शि. सा. न. आपली आज्ञा प्रमाण. तिला तसे लिहून कळविले आहे. माझ्याकडूनही तिने आता काही अपेक्षा ठेवू नये."
पोरगा आज्ञाधारक निघाला. आयुष्यभर हेच हवे होते. आज त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि नंतर स्वतःच्या.

भाद्रपद शु. २, गुरुवार
कुरुंदवाड. आगगाडीने शिरोळ रोड स्टेशन, पुढे छकडा, मग नाव. पाणी उतरले आहे.
दत्तूने बसा म्हटले नाही, पण घोंगडे टाकले. गोदी दाराआड उभी. गाल बसलेले. शब्द आठवला, वही मात्र काढली नाही.
म्हणालो, "पातेल्याला कल्हई नव्हती."
"म्या सांगितलं हुतं की, मामंजी."
"होय. चुकलो मी." हे वाक्य मी कोणत्याही बाईला आजवर बोललो नव्हतो. "यशवंताला सगळे कळवलेय. गौरी जवळ आल्या. चल."
तिने पदराच्या टोकाला पीळ दिला.
"तुमचा ल्योक बोलवायला आला तर यीन. तुमची सेवा करीन, पाय चेपीन. पन तुमच्या ताटात वाढनार न्हाय. उद्या पोटात जरा गुरगुरलं, तर पयलं कुनाकडं बगशीला, सांगा की?"
दत्तू माझ्याकडे बघत होता. आतून तिच्या आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.
तुझ्याकडे नाही, एवढेच म्हणायचे होते. ओठांवर आले. आणि त्याच वेळी मनात आले, ही असे का विचारते आहे?
तिने ते माझ्या तोंडावर वाचले. मान खाली घालून आत गेली.
नावाडी हाका मारत होता. उठलो.