घरच्या गॅसवरचा पहिला चहा

३ मार्च
सिलिंडरची गुलामी संपली. मोठा निळा ड्रम आणला. त्यात शेण, भाज्यांची सालं, उरलंसुरलं अन्न, पाणी. झाकण घट्ट. ड्रममधून नळी, नळीपुढे मोटारीची जुनी ट्यूब. आत सगळं कुजेल, गॅस होईल, ट्यूब फुगेल, शेगडी पेटेल. पहिला चहा बाबांना, हे ठरलं.
बायको म्हणाली, अंगणात ठेव. पण ड्रमला ऊब लागते. म्हणून बाबांच्या खोलीला लागून असलेल्या कोठीत ठेवला.

९ मार्च
वास. शेजारी दारात येऊन बोलून गेले. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. तरी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या.

१४ मार्च, सकाळ
ड्रममध्ये जोरात गुडगुड. ट्यूब मात्र चपटी. घाईत काही होत नसतं. बायको म्हणाली, नळीचा सांधा बघ. सांध्याला चिकटपट्टी मी स्वतः लावली आहे. विषय संपला.

१७ मार्च
झुरळं गायब. फुकटात पेस्ट कंट्रोल. कोठीत पाल मरून पडली होती. म्हातारी असावी.

२० मार्च
वास गेला. समूळ. म्हणजे ड्रम सेट झाला. बायको कामावरून आली आणि दारातच नाकाला रुमाल लावला. नाटकं. मला येत नाही तो वास हिला कुठून येणार?

२१ मार्च
डोकं ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. बाबांचंही ठणकतंय. त्यांचाही वाढला असणार. एरवी रात्रभर खोकणारा माणूस, हल्ली दुपारपर्यंत गाढ झोपतो. घर मानवलं.
बायको म्हणाली, त्यांना माझ्या भावाकडे नेते. बाप माझा आहे. ठाम नकार दिला.
ट्यूब चपटीच. उद्या सरळ काडी लावून बघणार.

२२ मार्च
काडेपेटी बायकोने हिसकावून घेतली. म्हटलं, ठीक आहे, आधी बाबांना उठवतो.
बाबा उठेनात.

२४ मार्च, हॉस्पिटल
बाबांनी डोळे उघडले. नाकाला ऑक्सिजन आहे. मी बाहेरच्या बाकावर रडलो.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वास येत नव्हता का? म्हटलं, यायचा, मग गेला. त्या म्हणाल्या, वास नाही गेला, तुमचं नाक गेलं. हा गॅस आधी नाकच मारतो.
अग्निशमनवाले सांगून गेले, सांधा पहिल्यापासून सुटलेला होता. म्हणजे गॅस झाला होता. भरपूर झाला होता. याची नोंद कुणी घेत नाही.
संध्याकाळी बाबांसाठी चहा नेला. त्यांनी कप हातात घेतला नाही. बायकोकडे बघून विचारलं, कुणी केलाय?
ती म्हणाली, कँटीनचा आहे.
मग प्यायले.