शारदेसाठी आणलेला फिल्टर

हैदराबाद, १९४९. रविवार, दिवेलागण.

शारदा रोज सकाळी अर्धा चहा तसाच ठेवते. तंजावरची मुलगी, कॉफीवर वाढलेली. तिच्या तिकडच्या मराठीला घरात आम्ही सगळे हसतो, म्हणून लग्न झाल्यापासून ती फारशी बोलतही नाही. काय करावं?

विलीनीकरणानंतर मद्रासचे अधिकारी आले, तसे अफझलगंजात कॉफीचे फिल्टर दिसू लागले. आज गेलो. पितळेचे दोन होते, दोन्हींत पाणी ओतून पाहिलं. एकातून नुसते थेंब पडत होते. दुकानदार म्हणाला, "ये दूसरा लेओ साब, पानी झट उतरता." तोच आणला, कॉफीच्या पुडीसकट, मोठ्या ऐटीत.

शारदेनं त्यात पाणी ओतलं आणि खळखळून हसली. पहिल्यांदाच! "अहो, हा तर नळ! कॉफी थेंबाथेंबानंच पडायला हवी."

उद्या बदलून आणतो म्हटलं. पण आई, जिनं कॉफी कधी चाखलेली नाही, ती उठली आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कापून फिल्टरच्या तळाशी घातला. मग कॉफीची पूड घालून, वर गरम पाणी ओतून दोघी थेंब बघत बसल्या. शारदा तंजावरचं काहीबाही सांगू लागली, तिच्याच मराठीत. कुणी हसलं नाही.

थेंब केव्हाच थांबलेत. शारदा उठू लागली, तर आई म्हणते, "बस गं, अजून पडतेय. पुढं सांग."