चंद्रकलाबाईंची अक्कलदाढ

८ नोव्हेंबर १९८७, रविवार
नागपूरच्या दंतवैद्यांच्या कॉन्फरन्सहून परतलो. एका सर्जनने स्लाइड दाखवल्या. जबडा आधी कॉम्प्युटरवर पाहायचा, मग दातांवर बसणारा साचा करायचा. त्यातल्या भोकातून ड्रिल घातलं की बरोबर जागी. चूक होऊच शकत नाही.
इथे पांढुर्ण्यात कॉम्प्युटर नाही. माझं डोकं आहे. एक्स-रे, ट्रेसिंग पेपर आणि प्लास्टरवर भागवू.

११ नोव्हेंबर
पहिली केस मिळाली. सौंसरच्या शाळेतल्या शिक्षिका चंद्रकलाबाई. खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतली असावी. यजमान भगवंतराव म्हणाले, नागपूरले नेतो. मी म्हटलं, नागपूरवालेच इथे शिकायला येतील. जरा जास्तच झालं. पण बाई म्हणाल्या, आमचा तुमच्यावर भरोसा आहे. जबड्याचं माप घेतलं. एक्स-रे तेवढा नागपूरहून काढून आणा म्हटलं.

१९ नोव्हेंबर
एक्स-रे आला. खिडकीच्या काचेवर लावून दाढ ट्रेस केली. कोपऱ्यातलं इंग्रजी अक्षर मधे येऊन राहिलं होतं, त्यावरच चिकटपट्टी मारली. जेवायला उशीर झाला. इंदू चिडली. बायकोला सायन्स कसं समजावणार?

२२ नोव्हेंबर
साचा तयार. गुलाबी ॲक्रिलिक, काय देखणा! इंदूने विचारलं, बाईंची दाढ कोणत्या बाजूची? म्हटलं, ते लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. साचा सांगतो.

२५ नोव्हेंबर, सकाळ
आज ऑपरेशन. गावातल्या दोन डॉक्टरांना मुद्दाम पाहायला बोलावलंय.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
लिहवत नाही.
साचा चपखल बसला. बाई गालाकडे बोट करून काहीतरी सांगून राहिल्या होत्या. तोंडात साचा, काही कळेना. म्हटलं, घाबरू नका, सगळं प्लॅनप्रमाणे आहे. हिरडी उघडली. हाड कोरलं. दाढ नाही. आणखी कोरलं. एक डॉक्टर हळूच म्हणाले, फिल्म उलटी तर लागली नव्हती?
फिल्मवरची चिकटपट्टी काढून पाहिली. खाली बाजू सांगणारं R, तेही उलटं. उलटीच. दाढ उजवीकडे, मी डावी बाजू फोडली.
टाके घातले. भगवंतरावांना म्हटलं, केस कॉम्प्लिकेटेड आहे, नागपूरलाच न्या. दोन्ही डॉक्टर खाली बघत होते.

२६ नोव्हेंबर
दवाखाना बंद. दारावर पाटी: डॉक्टर बाहेरगावी. डॉक्टर माजघरात.
तत्त्व म्हणून पद्धत चुकीची नाही. साचा तर बसलाच होता. हे इंदूला सांगितलं. ती उठून आत गेली.

३ डिसेंबर
चंद्रकलाबाई आल्या. नागपूरला दाढ निघाली. दोन्ही गाल सुजलेले. एक तिथला, एक माझा. माझे टाके काढायचे होते. भगवंतराव बाहेरच थांबले.
एक्स-रे फिल्मच्या दोषावर बोलायचं ठरवलं होतं. तोंडून निघालं, बाई, मी भलत्याच बाजूला कापलं. त्या दिवशी खोटं बोललो.
म्हणाल्या, माहीत आहे. मी तेव्हाच सांगून राहिली होती.
टाके काढले. उठताना म्हणाल्या, हात हलका आहे तुमचा. पेशंटले विचारत जा फक्त.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मान वर करता आली नाही.
नंतर तिगावचे चिंधूबुवा आले. दात दुखतो म्हणाले. विचारलं, कोणता? त्यांनी दाखवला. पुन्हा विचारलं, नक्की हाच? पुन्हा दाखवला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हातारा वैतागला. म्हणाला, डाक्टर, तोंडात एकच तर उरला आहे!