मदतनिसाने बोलायचे नाही

यवतमाळ,
३ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
अमरकाकाचा जयभीम व अ. आ.

यवतमाळहून हाकेच्या अंतरावरच्या लोहाऱ्याला स्पीडपोस्ट करतो म्हटल्यावर पोस्टातला माणूसही हसला. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि घरी आलो तर वहिनींसमोर आवाज चढेल. शिवाय तू क्लबकडे रीतसर अर्ज केला आहेस, तेव्हा सचिव म्हणून उत्तर लेखीच द्यायला हवं.

तर उत्तर असं, की नाही. दादाला आता जिना चढवत नाही म्हणून पत्त्यांच्या खोलीतली बापाची खुर्ची लेकीला मिळणार नाही, आणि दिवाळीच्या पोकर कपात तुझं नाव घेतलं जाणार नाही. वर बायकांसाठी संडास नाही. पुरुषमाणसं चार शब्द वाकडे बोलतात, सिगारेटी ओढतात. खेळ नुसत्या चकत्यांवर चालतो, पैशावर नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ते कोण समजावणार? मुलगी एकतीस वर्षांची आणि रविवारी पत्ते कुटते, एवढंच ते ऐकतील. महिला दिनाला आम्ही तंबोला ठेवतोच की. बक्षिसाला कुकर असतो.

आणि पोकरला थंड डोकं लागतं. बाईच्या हातात एक्का आला की तो आधी तोंडावर दिसतो. दादाकडून शीक जरा. लकव्यात उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण त्यानंतरची दोन्ही वर्षं कप त्यानंच नेला. पत्ते तू धरायचीस, चकत्या तू सरकवायचीस, पण डोकं त्याचं. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. उगाच नाही आम्ही त्याचा फोटो खोलीत लावला.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दादा रोज मोठ्यानं वाचतो ना? त्याला कंटाळा करू देऊ नकोस. हट्ट सोडलास तर माया आहे तशीच राहील.

तुझा,
अमरकाका


लोहारा,
८ सप्टेंबर २०२५

ती. अमरकाकांना,
सविनय जयभीम वि. वि.

आधी खुशाली. बाबा बरे आहेत. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात. परवा कापसाचे भाव वाचायला लागले तर आई म्हणाली, सकाळी सकाळी हे नको, दुसरं काही वाचा.

आता तुमचं. दर रविवारी मी बाबांना धरून तो जिना चढत होते आणि तासन्‌तास वर बसत होते, तेव्हा संडासाची आठवण कुणाला झाली नाही. तेव्हा मी बाई नव्हते, बाबांचा हात होते. शिव्यांचं म्हणाल, तर मनासारखं पान आलं नाही की पूनमसिंगकाका जे बोलतात ते मला तोंडपाठ आहे. मदतनिसाने बोलायचे नाही हा नियम तुम्हीच केलेला, म्हणून ऐकून घेत होते.

जयंतीला माइक धरून तुम्ही बायकांच्या हक्कांवर तासभर बोलता. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या आहेत. त्या टाळ्या मला परत हव्या आहेत, काका. आणि कुकर तुम्हालाच ठेवा.

पाहुण्यांचं माझं मी बघून घेईन. खेळाला डोकं लागतं हे मात्र खरं. दोन वर्षं ते कुणाचं चाललं, यावर मी एक शब्द बोलणार नाही, कारण खोलीत बाबांचा फोटो आहे आणि तो तिथंच राहावा असं मला वाटतं. मला नवखी म्हणा, शेवटच्या कोपऱ्यात बसवा, पण खुर्ची माझ्या नावावर द्या. दुसऱ्याच्या मागं बसून आता मी खेळणार नाही.

काकूंना जयभीम. तुमच्याकडे लोभ मागावा असं आज मनात येत नाही.

आपली,
अपेक्षा


लोहारा,
१४ सप्टेंबर

अमर,
जयभीम.

डाव्या हातानं लिहून राह्यलो, अक्षराले हसू नको.

तुह्यं पत्र पोरीनं फडताळात लपवलं होतं. मले सापडलं.

लकव्यापासून मले पत्ते समजतच नाहीत. टेबलावरचं तिसरं पान उघडेस्तोवर हातातली दोन पानं डोक्यातून जातात. पहिल्याच रविवारी उठून घरी येणार होतो. पोरीनं कानात सांगितलं, बाबा, तुम्ही फक्त मान हलवा. दोन वर्षं मी मान हलवली. खेळली माही पोरगी. जिंकली माही पोरगी. माह्या तोंडावर रेघ हलत नव्हती म्हणतोस, अरे, लकवा मारलेल्या तोंडावर काय हलंल?

अन् तू तिले डोकं नाही म्हणतोस. काहून? माह्या फोटोसाठी ते गप्प बसली, अन् तू तोच फोटो तिच्या तोंडावर मारून राह्यला.

फोटो काढ. खुर्ची तिले दे. देत नसशील तर माह्या दारात पाय ठेवू नको.

भीमराज


यवतमाळ,
२९ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिस,
जयभीम.

दादाचं पत्र पोचलं. तूच लिहायला लावलं असशील असं आधी वाटलं, पण ते अक्षर कुणाला नक्कल करून जमणार नाही. पत्र कमिटीपुढं ठेवणं मला भाग होतं. पूनमसिंग आधी पोट धरून हसले. मग दोन वर्षं आपण कुणाकडून हरत होतो हे ध्यानात आलं, तसे सगळ्यांत जास्त तेच भडकले.

मत एकच पडलं. दादा खेळत होता असं आम्ही धरून चाललो, तोवर ते कसब होतं. सदस्य नसलेल्या मुलीनं त्याच्या आडून खेळणं ही फसवणूक आहे. एवढ्या वेळा बाई जिंकते म्हणजे पत्त्यांवर खुणा असणार, अशीही शंका निघाली. दोन्ही वर्षांचे निकाल रद्द केले आहेत. कप परत पाठव. मदतनिसाची सवलत यापुढे बंद. फोटो उतरवून फ्रेमसकट पार्सलनं पाठवला आहे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडतो, म्हणजे क्लबनं तोंडी कारभार केला असं उद्या कुणी म्हणायला नको.

दादाच्या दारात यायचं की नाही ते आता मी ठरवीन. काकूनं त्याच्यासाठी जवसाची चटणी दिली आहे. ती या भांडणात धरू नये, असा तिचा निरोप.

अमरकाका


लोहारा,
५ ऑक्टोबर २०२५

ती. अमरकाकांना,
जयभीम वि. वि.

कप घासूनपुसून पाठवला आहे. झाकण ढिलं आहे, ते मिळाला तेव्हापासूनच. काकूंना सांगा, चटणी भांडणात धरली नाही, आल्या दिवशीच अर्धी संपली.

खुणांचं म्हणता, तर पत्ते क्लबचे, पिसायचे तुम्ही आणि वाटायचे पूनमसिंगकाका. गेल्या दिवाळीच्या शेवटच्या डावात तुम्ही हातातले दोन बादशहा सगळ्यांना दाखवून टाकलेत आणि डाव सोडलात. दादाकडे एक्क्यांची जोडी असणार, त्याला मी लहानपणापासून ओळखतो, असं वर सांगितलंत. माझ्या हातात सत्ती आणि दुर्री होती, काका. ओळखायचं होतं ते मला.

खुर्ची दिली नाहीत याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, त्याच्या पुढच्या वर्षीही करीन. उत्तरं लेखीच द्या.

फोटो पोचला. बाबांनी तो कपाटात ठेवायला लावला आणि फ्रेम काढून घेतली. तिच्यात आता तुमच्या ठरावाची प्रत बसवली आहे. निकाल रद्द करायचे म्हणून तुम्हाला आधी जिंकलं कोण हे लिहावं लागलं. खाली तुमची सही, अध्यक्षांची सही आणि क्लबचा गोल शिक्का.

बाबांनी पेपर सोडला आहे. सकाळी चहा झाला की खुर्ची भिंतीजवळ ओढतात आणि तेच मोठ्यानं वाचतात: सन २०२३ व २०२४ चे पोकर कप सदस्य भीमराज मुनेश्वर यांनी नव्हे, तर त्यांची मुलगी कु. अपेक्षा हिने खेळून जिंकल्याचे निष्पन्न झाले आहे. निष्पन्नला अजून जीभ अडखळते. जिंकल्याचे आता अगदी स्पष्ट येतं.

लोभ ठेवायचा की नाही, तो ठरावही तुम्हीच करा.

आपली पुतणी,
अपेक्षा भीमराज मुनेश्वर