उघडा दूधभात

३ सप्टेंबर १९३६
१. सकाळच्या गाडीने कामशेतला उतरले. तिथून बैलगाडीने गावात.
२. सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवायच्या काचेच्या बशा शाबूत पोचल्या.
३. काम: गावातली रक्ताची हगवण माश्यांमुळे पसरते का ते पाहणे आणि पुण्याला डॉक्टरसाहेबांना कळवणे.
४. मुक्काम नंदाबाईंच्या घरी. यजमान मुंबईला गिरणीत. खोली सारवलेली, खिडकीतून भाताची खाचरे आणि पलीकडे इंद्रायणी.
५. त्यांच्या सहा वर्षांच्या रतनने माझी जाळी पाहून माझे नाव माशीवाली मावशी ठेवले. चालेल.

५ सप्टेंबर
उकिरडा गोठ्याला लागून, गोठा चुलीला लागून. शेणावरून भाकरीवर यायला माशीला अंगणही ओलांडावे लागत नाही. रतन माझ्या मागे फिरते आणि जाळीतल्या माश्यांची ओळख करून देते. ही लय हावरट, ही सासुरवाशीण. मला हसू आले.

एक गोष्ट मात्र खटकली. नंदाबाईंचा धाकटा गेणू आषाढात याच हगवणीने गेला. त्या रोज त्याच्या वाटीत दूधभात कालवून उंबऱ्याशी ठेवतात. झाकत नाहीत. झाकला तर तो जेवणार कसा, म्हणाल्या. माशी बसली की तो येऊन गेला असे धरतात आणि ते उष्टे रतनला भरवतात.

७ सप्टेंबर
सांगून पटत नाही, म्हणून दाखवायचे ठरवले. त्या भातावरची एक माशी धरून बशीत चालवली. बशी झाकून चुलीमागच्या कोनाड्यात उबेला ठेवली. माशी जिथे पाय टेकते तिथे जंतू वाढतात आणि ठिपक्यांची माळ दिसते. ती पाहिल्यावर कोणतीही आई वाटी झाकेल.

८ सप्टेंबर
माळ नाही. हात उमटला आहे. लहान मुलाचा तळवा, पाच बोटे, करंगळी वाकडी. झाकणावर रतनचा हात ठेवून पाहिला. तिचा मोठा आहे आणि करंगळी सरळ.

नंदाबाईंना दाखवायला नको होते. त्या घाबरल्या नाहीत. बशी पदराखाली घेतली.

"जात्यात सापडली व्हती ती करंगळी. ताई, माजा गेणू हाय ह्यो."

१० सप्टेंबर
काल भातावरची दुसरी माशी नव्या बशीत चालवली. ही बशी ट्रंकेत, कुलपात होती. तोच हात.

पहिली वाटीशेजारी सापडली, झाकण काढलेली. माश्या बशीवरून भातावर, भातावरून बशीवर. रतन तोच भात खात होती. मी वाटी ओढून घेतली. नंदाबाईंनी आवाजही चढवला नाही.

"भावाचं उष्टं हाय. तिला न्हाई तर कुणाला देऊ?"

१३ सप्टेंबर
रतनला ताप. कळा. रक्त. उकळलेले पाणी चमच्याने देते, पोटात ठरत नाही. नदी चढली आहे, तळेगावच्या दवाखान्याला गाडी जात नाही. रतन म्हणते, गेणू हात सोडत नाही —

१५ सप्टेंबर
रतन गेली. माझा हात धरून. तो मी अजून धुतलेला नाही.

१७ सप्टेंबर
उंबऱ्याशी दोन वाट्या. दूध मीच तापवून दिले. झाकण ठेवा म्हणाले नाही.

१९ सप्टेंबर
नवी बशी. दोन हात, एकमेकांत. मोठ्याची करंगळी सरळ —

२० सप्टेंबर
डॉक्टरसाहेबांना पाठवायचा मजकूर.

वापरलेल्या बशा उकळून नष्ट करायच्या हा नियम मला ठाऊक आहे. ही एक माझ्याने उकळवत नाही. ठेवण्याची परवानगी असावी. नंदाबाई विचारतात, हात मोठे होतील का. काय सांगू ते कळवावे. सकाळपासून मलाही कळा — मनगटावर दोन माश्या बसल्या आहेत. हाकलल्या नाहीत.

उत्तर बुधवारपर्यंत यावे. त्यानंतर उंबऱ्याशी तिसरी वा—