निजलेल्याचं माप

६ ऑगस्ट

निल्याचा ताप उतरला. खोकला तसाच. आज दुकानात गेले. त्याला नेहमीसारखं मागच्या वाडीतल्या फिलोमावशीकडे सोडलं. शेठ म्हणाले, "ताई, माझं एक मेडिकल आणि तुमच्या घरी दुसरं." हसले मी पण. खरंच आहे. दिवसभर माणिकपूरला काउंटरमागे उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांची सिरपं द्यायची, संध्याकाळी आपल्याचं नाक दाबून पाजायचं.

येताना लोकर घेतली. मोरपिशी. हे गेल्यापासून सुया ट्रंकेतच होत्या. निल्यासाठी विणलेलं असं काहीच नाही. ह्या थंडीत असावं.

९ ऑगस्ट

माप काही घेता येईना. दाराशी उभा केला की पळतो. सव्वा दोन वर्षांचं पोर आणि एका जागी उभं राहणार!

दुपारी औषधाने गाढ झोपला. चटईवर उताणा केला आणि लोकरीचाच दोरा धरून माप घेतलं. खांद्याशी गाठ, कमरेशी गाठ, मनगटाशी गाठ. दोरा डोक्यापासून टाचेपर्यंत नेला. स्वेटरला टाच कशाला लागते? पण हात थांबला नाही. इतका शांत तो कधी सापडत नाही.

दोरा वाया कशाला घालवायचा? पहिले टाके त्यानेच घातले, पुढे गुंड्याला जोडला.

१७ ऑगस्ट

वेळ कसा काढायचा ते जमायला लागलंय. रविवारी दुपारी, आणि रोज सकाळी कुकर होईपर्यंत. वाचनालयाचं पुस्तक मांडीवर उघडं. साध्या ओळीला वाचता येतं. नक्षीच्या ओळीला नाही, टाका सुटतो. आज एक पान झालं आणि बोटभर पट्टी. बरं वाटलं. खूप दिवसांनी आपलं असं काही.

२ सप्टेंबर

नि.च्या तळहाताला, तळपायाला पुरळ. तोंडात फोड. डॉक्टरबाई म्हणाल्या, सध्या घरोघरी हेच आहे, आपोआप जाईल. खात नाही. थंड दूध तेवढं घेतो. मांडीवरून उतरत नाही म्हणून विणकाम बंद. शेठना फोन केला. "घ्या सुट्टी, पण तुमच्याशिवाय कुठली बाटली कुठे ते मलाच सापडत नाही."

२१ सप्टेंबर

बरा आहे. पाठ पूर्ण झाली. पुढा घातला.
पुन्हा सर्दी.

१४ ऑक्टोबर

जूनमध्ये नि.ला चपला घेतल्या तेव्हा मुद्दाम मोठ्या घेतल्या होत्या. दोन महिन्यांत होतील म्हणून. अजून फटाक फटाक वाजतात. टाचेमागे जागा तेवढीच उरते.

काही नाही. आजारपणात पोरं जरा थांबतात.

३० ऑक्टोबर

एक गोष्ट लिहून ठेवते. आज नि.ची नखं कापायला बसले. कापण्यासारखी नव्हती. मग आठवायला लागले, याआधी कधी कापली? गणपतीत कापली नाहीत. गौरी गेल्या तेव्हा नाही. मावशीने कापली असतील म्हणून विचारलं.
"मी नाय गो. मला डोळ्याला दिसत नाय, पोराचा बोट जायचा."

मग कोणी?

८ नोव्हेंबर

स्वेटर झाला. गळ्याचे टाके बंद केले, बाह्या शिवल्या, घातला. इतका नेटका बसला की मीच बघत राहिले. मग लक्षात आलं की नेटका बसायला नको होता. वाढत्या अंगाचा म्हणून चांगला दोन बोटं ढिला धरला होता. टाके मोजले, बरोबर आहेत. सैल विणलाय, घट्ट नाही. तरी बरोब्बर अंगाएवढा.

त्याला फार आवडला. काढू देत नाही.

मावशीला दाखवायला नेला. ती ओट्यावर पालकाच्या जुड्या बांधत होती, उद्या होळी नाक्यावरच्या बाजाराला पाठवायच्या म्हणून. टाके बघून खूश झाली. ती लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे विणकाम शिकलेली, सहज कोणाला चांगलं म्हणत नाही.
"माप कसा घेतलास? ह्याच्या बुडाला तर भिंगरी हाय."
"निजल्यावर घेतलं."
जुडी बांधता बांधता तिचा हात थांबला.
"निजलेल्याचा माप घेतलास?"

तिचे अंतोनकाका सुतार होते. पलंग, खुर्च्या आणि गावातल्या मयताच्या पेट्याही तेच करायचे. त्यांचा नेम होता म्हणे. जिवंत माणसाचं माप उभ्याने घ्यायचं. आडव्याचं घेतलं की पेटीच करावी लागते.
"मला पलंग पायजे होता लग्नात. तर मला बोलला, आधी उभी रहा, मग पलंग. अख्खा गाव हसला." मावशी स्वतःच हसली. मग स्वेटरची कड हातात घेतली.
"दोरा तोडलास ना मागाहून?"
"विणला. खालच्या पट्टीत आहे."
तिने कड सोडून दिली. निघताना तिने नि.च्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. कधी काढत नाही.

९ नोव्हेंबर

हे गेले तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने खिशातून सुतळी काढली होती. ह्यांच्या डोक्याशी धरली, पायांपर्यंत नेली, गाठ मारली. बांबू तोडायचे होते. मला म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला." नि. पोटात होता, सातवा महिना. मी भिंतीला टेकून ती सुतळीच बघत होते. चेहरा बघायचा सोडून.

मी नि.चं माप घेतलं ते तसंच घेतलं. आधी डोकं. मग टाच.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंच्या भिंतीवर उंचीची पट्टी आहे, तिच्यावर जिराफ. जुलैत नि.चं डोकं जिराफाच्या गुडघ्याला लागलं होतं. आज तिथेच. वजन थोडं उतरलंय. बाईंनी मागचे कागद काढून बघितले, मग पुन्हा उभं केलं.
"सारखं आजारपण आहे ना, वाढ थांबते कधी कधी. पण इतके महिने नको थांबायला. रक्त तपासू."
रिपोर्ट येईपर्यंत जेवण जायचं नाही.

२४ नोव्हेंबर

रक्त कमी. बाकी ठीक. लोहाचं सिरप लिहून दिलंय, आमच्या दुकानात संपलंय, मागवलं आहे. महिन्याभरात फरक पडला नाही तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणाल्या.

मी वाचणारी बाई आहे. शाळा दहावीपर्यंत, पण पुढचं सगळं पुस्तकांतून आपलं आपण. दुकानात बायका दृष्टीचा दोरा मागतात तेव्हा मी सांगते, बाई, आधी थर्मामीटर घ्या. स्वेटरमुळे पोर वाढायचं थांबत नाही, एवढं मला कळतं.

पण झोपतो कसा ते कोणाला सांगू? पूर्वी गोगलगायीसारखा गोळा होऊन झोपायचा, माझ्या पोटात गुडघे खुपसून. आता उताणा. सरळ. हात अंगालगत. कुशीवर वळवला तर थोड्या वेळाने परत तसाच.

स्वेटर अंगात असो की नसो.

१ डिसेंबर

कान फुटला. ताप. रडतही नाही धड. नुसता बघतो.

मावशी पेज घेऊन आली. मी म्हटलं, "उसवू का?"
"मला काय इचारते? तू शिकलेली."
"मावशी, सांग ना."
"माझा पोर असता तर मी इचारायला पन थांबली नसती."

३ डिसेंबर

सिरप आलं. आज पहिला चमचा दिला.
स्वेटर घडी करून ट्रंकेत ठेवला. परत काढला. इतका चांगला मी पुन्हा विणू शकेन असं वाटत नाही. गळा तर अगदी… आणि हे गेल्यापासून शेवटापर्यंत नेलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं अर्धं. पुस्तकं सुद्धा.

५ डिसेंबर

उसवला.

दुपारी, मावशीच्या ओट्यावर. नि. शेजारी गोधडीवर झोपलेला, तसाच सरळ. मी गळ्यापासून ओढत होते, मावशी गुंडाळत होती. लोकर सुटताना किर्र किर्र करते, ते ऐकवत नव्हतं. मावशी मुद्दाम काहीबाही बोलत होती, केळीच्या घडांचं, सुनेच्या स्वयंपाकाचं. "तिचा सांबारा म्हंजे पानी. त्यात मासा पोहून जाईल."

पुढा संपला. पाठ निम्मी झाली तेव्हा नि. कुशीवर वळला. गुडघे पोटाशी घेतले. आम्ही दोघींनी बघितलं. मावशीच्या हातातला गुंडा तेवढा वेळ थांबला.

शेवटी तो दोरा आला. गाठी होत्या. मावशीने भाजीच्या कोयत्याने प्रत्येक गाठीशी तोडला. मला तुकडे शेजारी ठेवून बघायचे होते, किती भरतात ते. तिने हातावर चापट मारली. "काय बघायचा हाय त्यात!" एक तुकडा तिने विहिरीकडे नेला, एक केळीत. बाकीचे कुठे टाकले मी विचारलं नाही.

घरी आल्यावर रडले. स्वेटरसाठीच रडले. निदान तसं वाटलं.

२० डिसेंबर

गालावर ओरखडा. नि.ने झोपेत मारला. नखं वाढलीत!

कापली. कातरलेली नखं कागदावर घेऊन बघत बसले, वेड्यासारखी. सुक्या जवळ्याची चटणी आणि भात त्याने मागून खाल्ला. चपला कमी वाजतात. की मला वाटतं?

४ जानेवारी

डोकं जिराफाच्या गुडघ्याच्या वर. चांगलं बोटभर. वजनही. डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या, नि.नेही वाजवल्या. मुंबईला जायची गरज नाही. "बघा, सिरपचा गुण." मी हो म्हटलं. पहिला चमचा आणि उसवणं, मध्ये एक दिवसाचं अंतर. कशाचं काय ते मला कळायचं नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही.

मावशीला सांगितलं. "डॉक्टरनीला बोल, कोयत्याचा पन थोडा गुण हाय."

११ जानेवारी

उसवलेली लोकर धुतली, लड करून दोरीला टांगली, खाली तांब्या बांधला. तरी कुरळी ती कुरळीच. तिचा स्वेटर करायचा नाही असं ठरवलं होतं. पण नि. त्या लडीखाली उभा राहून रोज "माझा, माझा" करतो. आणि सकाळी वाडीत चांगला गारवा असतो.

१८ जानेवारी

हे कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहिते.

रविवार. दुपारची उन्हं होती, दार उघडं. ह्या वेळी माप उभ्यानेच घ्यायचं. त्याच्या उंचीपेक्षा थोडा जास्त दोरा तोडला आणि त्याला दाराशी बोलावलं. "निल्या, ये, स्वेटरचं माप घेऊ."

आला. पळाला नाही. माझ्या पायाशी फरशीवर उताणा झोपला. पाय जुळवले. हात अंगालगत. डोळे मिटले.
"घे."
"असं नाही राजा. उभा राहा."
"नाय. असंच घेतात."

हे त्याला कोणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही. मावशी मरेल पण सांगणार नाही. आणि तेव्हा तर तो गाढ झोपला होता.

हाताला धरून उठवलं. परत झोपला. पुन्हा उठवलं. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाला, "मग तू झोप."

मी झोपले. का ते सांगता येत नाही. त्याला हसवावं म्हणून, असं आधी वाटलं. पण आडवी झाले तेव्हा मनात स्पष्ट होतं: त्याचं नको, माझं घे. आणि पाठ फरशीला टेकल्याबरोबर दुसरं आलं, मग ह्याला कोण?

त्याने माझ्या हातातून दोरा घेतला. एक टोक माझ्या टाळूवर अंगठ्याने दाबून केसांत अडकवलं, मोठ्या माणसासारखं. दुसरं टोक छातीवरून, पोटावरून खाली नेत गेला. हसत नव्हता. जीभ ओठांबाहेर काढून, काम करताना काढतो तशी. बाहेर मावशी कोणाला तरी हाक मारत होती. मला ओ द्यावीशी वाटली.

दोरा गुडघ्याच्या वरच संपला.
"पुरला नाय," म्हणाला. आणि आतल्या खोलीत लोकर आणायला गेला.

तो येईपर्यंत मला उठता आलं असतं.