मण्यागणिक एक प्रतिक्रिया

सूनबाई,

दुपारपर्यंत माझं मौन आहे आणि तू उठायच्या आत मला प्रार्थनेला निघायचंय, म्हणून लिहिते. डबा ओट्यावर आहे. काल ताटावरून तशीच उठलीस, आज तरी पोटभर जेव.

तुझ्या मालिकेचा तू लिहिलेला भाग मी पाहिला. झॉम्बी आले की डोळे मिटत होते. पण तो म्हातारा झॉम्बी झालेल्या बायकोला गजांतून घास भरवतो, तेव्हा मिटवेनात. आणि आज तू चॅनेलवाल्यांना सांगणार, की पुढच्या भागात तोच तिला मारेल. का, तर प्रेक्षक चिडलेत. माझा लेक तुला म्हणाला, "प्रेक्षक म्हणजे देव." अगं, देवसुद्धा उशिराच पावतो.

म्हणून सकाळी जपाला बसले आणि मण्यागणिक फोनवर प्रेक्षकांची एकेक प्रतिक्रिया वाचली. देव मला क्षमा करो. "झोप लागली", "लेखिकेलाच चावा रे कुणी तरी", असलंच बरंच. पण एका बाईने लिहिलंय, "माझी आई मला ओळखत नाही. आज तिला भरवताना पहिल्यांदाच चिडले नाही." तिथे माझा मणी पुढे सरकेना. त्या म्हाताऱ्याच्या बायकोला मारू नकोस गं.

आणि रागावू नकोस, मीही लिहिलं, "लेखिका गुणाची पोर आहे, तिला बोलू नका." मग लक्षात आलं, फोन तुझा होता. वर तुझंच नाव आलंय आणि लोक हसताहेत. ते पुसायचं कसं, मला ठाऊक नाही. खरं सांगू, पुसावंसंही वाटलं नाही.

आई